गिअरबॉक्स खाली उतरतोच आहे, तर सोबत काय बदलावं आणि काय सोडावं?

प्रश्न तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा आहे. गाडी २०१७ ची फॉर्च्युनर, २.८ डिझेल, फोर बाय फोर ऑटोमॅटिक, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. मध्यंतरी रीमॅप केली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवली. आता ऐंशी-नव्वदच्या वेगात चढावर पाय दाबला की आरपीएम वर पळतो आणि गाडी काही उचलत नाही. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडणारा त्यातला क्लच, घसरतंय असं निदान झालं. म्हणून जड लॉकअपचा कन्व्हर्टर, सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब वाटणारा भाग) आणि बाहेरचा मोठा ऑइल कूलर, असं काम ठरलंय. गिअरबॉक्स उतरणारच म्हणून मेकॅनिकनं सोबत यादी दिली: क्रँकचं मागचं सील, फ्लेक्स प्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पत्र्याची चकती), सगळी माउंटिंग, स्टार्टर, रेडिएटर, टायमिंग चेन, इंजेक्टर. यातलं खरं किती आणि बिल फुगवणं किती, असं त्यांनी विचारलंय.

टायमिंग चेन आणि इंजेक्टर आत्ताच खोडा. चेन इंजिनच्या पुढच्या तोंडाला असते, इंजेक्टर वर असतात आणि गिअरबॉक्स मागे. आवाज येत असेल किंवा धूर असेल तर त्यांचं काम वेगळं करा, पण ‘उतरवलाच आहे तर’ या नावाखाली ते बसत नाही.

बाकी यादीला मी एकच कसोटी लावतो. गिअरबॉक्स पुन्हा उतरवल्याशिवाय जिथं हात पोचणार नाही आणि जो भाग मजुरीच्या मानानं किरकोळ पैशाचा आहे, तो बदलायचा, चांगला दिसला तरी बदलायचा. जिथं नंतर कधीही लिफ्टवर पोचता येतं, तो नीट बघायचा आणि खराब असेल तरच हात लावायचा. फोर बाय फोरला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, आडवे येणारे सायलेन्सरचे पाइप, एवढं सोडवल्यावर गिअरबॉक्स खाली येतो. किरकोळ पैशाच्या सीलपायी ही मजुरी दुसऱ्यांदा भरायची नसते.

सगळ्यात आधी क्रँकचं मागचं सील. हे बदलाच. पण गिअरबॉक्स बाजूला घेतला की लगेच कपडा मारू नका. पोरं उत्साहानं डिझेल मारून बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडणारं घंटेसारखं कवच) चकचकीत करतात आणि सगळा पुरावा धुऊन टाकतात. आधी टॉर्च घेऊन बघा. काळं ऑइल फ्लेक्स प्लेटच्या मागं, इंजिनच्या अंगाला असेल तर संशय क्रँक सीलवर. लालसर किंवा तपकिरी ऑइल कन्व्हर्टरच्या पाठीमागं आणि बेल हाउसिंगच्या आत चक्राकार उडालेलं असेल तर गिअरबॉक्सच्या पंपाचं सील गेलंय. आणि काळ्या ऑइलचा ओघळ इंजिनच्या पाठीवरून वरनं खाली आलेला असेल तर गळती वरच्या कव्हरच्या पॅकिंगची आहे, क्रँक सीलवर उगाच आळ येतो. असं असेल तर नवं सील बसवूनही महिन्यानं खाली थेंब दिसणार आणि तुम्ही मेकॅनिकशी भांडणार. त्याच वेळी इंजिनचा ब्रीदरही (आतला दाब बाहेर सोडणारं नळकांडं) बघून घ्या. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तो दाब कुठलंही नवं सील बाहेर ढकलतो.

सील बसवताना त्याची ओठी बघा. मागं बारीक स्प्रिंग असलेलं रबरी सील असेल तर ओठीला इंजिन ऑइलचा हात लावून बसवतात. स्प्रिंग नसलेली, चपटी, टेफ्लॉनची ओठी असेल तर ते कोरडंच बसवायचं, क्रँकचं तोंडही पुसून कोरडं करायचं. सोबत येणारी प्लॅस्टिकची बाही वापरायची आणि बसवल्यावर इंजिन लगेच फिरवायचं नाही, काही तास जाऊ द्यायचे. सवयीनं ग्रीस फासून टेफ्लॉनचं सील बसवलेलं मी बघितलंय, ते टिकत नाही. क्रँकवर जुन्या ओठीनं चर पाडला असेल, नखाला लागत असेल, तर नवं सील त्याच चरात बसून गळेल. त्याला पातळ स्टीलची बाही मिळते, किंवा सील एक-दोन मिलिमीटर पुढं-मागं बसवून चर चुकवता येतो.

फ्लेक्स प्लेट काढल्याशिवाय सील निघतच नाही, म्हणजे ती हातात येणारच. उन्हात नेऊन बघा. बोल्टच्या भोकांच्या आजूबाजूला केसासारखी चीर दिसते का, ते शोधायचं. शंका असेल तर पेनिट्रंटचा (चिरा दाखवणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारला की चीर लाल रेघेसारखी उठते. चिरलेली प्लेट आयडलला असा ठोका देते की चांगले मेकॅनिकसुद्धा इंजिनचं बेअरिंग गेलं म्हणून इंजिन खोलायला निघतात. तुमच्या बाबतीत मी ती न बघताच बदला म्हणेन. ही गाडी कंपनीकडून ४५० न्यूटन मीटरला निघाली होती, रीमॅपनंतर त्याहून जास्त ताकद त्या पत्र्यातनं जाते आणि आता लॉकअपही घट्ट येणार. आधी लॉकअप घसरत होतं तेव्हा धक्का तिथं जिरत होता. आता तो सरळ प्लेटवर जाईल. प्लेटचे आणि कन्व्हर्टरचे बोल्ट नवेच घ्या, टॉर्क रेंचनं आवळा. स्टार्टरच्या दात्यांची जागाही याच प्लेटवर असते. एकाच ठिकाणी दाते खाल्लेले दिसले तर स्टार्टरचं पिनियन तपासा. स्टार्टर सबंध बदलायची गरज मला दिसत नाही. तो नंतरही बाहेरून निघतो. फार तर ब्रश बघून घ्या.

प्लेट निघाली की इंजिनच्या पाठीमागचा पत्रा काढा आणि कोअर प्लग (इंजिनमधल्या पाण्याच्या भोकावरचं पत्र्याचं झाकण) बघा. हे फारसं कोणी करत नाही, पण आपल्या भागात करायला हवं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात बोअरचं पाणी जड. कूलंट कमी झालं की लोक बिनधास्त बाटलीनं तेच ओततात. त्या पाण्यानं प्लग आतून गंजतो, बाहेर फक्त पांढरट-तांबूस डाग दिसतो. मागच्या बाजूचा प्लग गळायला लागला तर तिथं पोचायला पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली. प्लगची किंमत चहा-वडापावाची. हीटरचे पाण्याचे पाइप मागून जात असतील तर त्यांचे रबरी होजही याच वेळी.

आता गिअरबॉक्सची बाजू. पंपाचं पुढचं सील नवं, त्यामागचा बुश झिजलाय का ते बघणं, इनपुट शाफ्टचा ओ-रिंग, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, मागचं आउटपुट सील आणि ट्रान्सफर केसच्या सांध्यातलं सील. हे सगळं बदला, चर्चा नको. ट्रान्सफर केसच्या सांध्याचं सील गेलं तर बाहेर थेंबही पडत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल गुपचूप ट्रान्सफर केसमध्ये उतरतं. एकीकडं लेव्हल कमी, दुसरीकडं जास्त, आणि मालकाला वाटतं गळती कुठंच नाही. म्हणून सांधा सोडवाल तेव्हा ट्रान्सफर केसचं ऑइल मोजून काढा, भरलेल्या मापापेक्षा जास्त निघालं की उत्तर मिळालं.

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा डबा, उघडल्यावर जे दिसेल त्यावर तुमचा पुढचा खर्च ठरणार आहे, म्हणून चेंबर उघडताना स्वतः हजर राहा. आतल्या चुंबकांवर करड्या रंगाचं मऊ, लोण्यासारखं सारण असतं. दीड लाखाला ते साहजिक आहे. बोटात घेऊन चोळा. कण टोचले, चमकदार चकत्या दिसल्या, किंवा पिवळसर पितळी झाक आली, तर बुश किंवा गिअर झिजतायत. काळे, कागदासारखे तुकडे असतील तर आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटतंय. या दोन्हीपैकी काही दिसलं तर नुसता कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी घालून गिअरबॉक्स परत चढवू नका. तो पूर्ण खोला, क्लचचा संच, सीलिंग रिंगा, बुश सगळं घाला. महाग पडेल, मान्य आहे. पण झिजलेल्या क्लचवर वाढवलेला दाब आणि जड लॉकअप म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा हाच प्रश्न. आणि चुंबक स्वच्छ असेल तर कोणाच्या सांगण्यावरून गिअरबॉक्स उगाच फोडूही नका. कारखान्यातून जुळून आलेली मापं आपल्याकडं धुळीच्या गॅरेजात पुन्हा तशीच जुळवणं सोपं नाही.

फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग नवं, हे सांगायला नको. व्हॉल्व्ह बॉडी नवी येतेय, तर तिच्यासोबत सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) नवे आहेत की जुनेच धुऊन लावलेत, हे लेखी विचारा. आतली वायरिंग दीड लाख किलोमीटर गरम ऑइलात उकळलेली असते, तिची प्लॅस्टिकची कनेक्टरं ठिसूळ होतात, क्लिप तुटली तर बांधायच्या पट्टीनं आवळून भागवू नका. बाहेरचे स्पीड सेन्सर किंवा गिअरच्या जागेचा स्विच मात्र फॉल्ट कोड नसेल तर सोडा, ते बाहेरून बदलता येतात.

यादीतला रेडिएटर मात्र मी खोडणार नाही, जरी तो गिअरबॉक्स न उतरवता निघतो. लॉकअप घसरलं म्हणजे त्याचं अस्तर झिजून ऑइलमध्ये मिसळलं. ते ऑइल कूलरमधून फिरलं, आणि कूलरच्या बारीक पन्हाळ्यांमध्ये तो गाळ बसला. बाहेरून कितीही फ्लश मारा, तो पूर्ण निघाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि नवा कन्व्हर्टर चालू झाल्यावर तोच गाळ सुटून नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जातो. गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असेल तर दुसरीही भीती असते. आतला सांधा फुटला की कूलंट आणि ऑइल एकत्र होतात, डब्यात गुलाबी लस्सी दिसते. पाणी आणि ग्लायकॉल क्लचच्या कागदी अस्तराला फुगवतात आणि त्याचा गोंद सोडवतात, त्यानंतर गिअरबॉक्स वाचत नाही. म्हणून एक तर नवा रेडिएटर घ्या, नाहीतर टाकीतला कूलर बाजूला ठेवून सगळं ऑइल नव्या बाहेरच्या कूलरमधून फिरवा. आपल्या हवामानाला दुसरा मार्ग चालतो. थंडीत पहाटे ऑइल तापायला जरा वेळ लागतो, त्याला थर्मोस्टॅटचा बायपास मिळतो. धातूचे पाइप आतून फ्लश करून हवेनं उलट्या दिशेनं फुंकता येतात, रबरी होज मात्र नवेच, आणि परतीच्या लाइनवर चुंबकवाला इनलाइन फिल्टर लावा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तो कापून बघितला की आत काय चाललंय ते कळतं.

कूलर कुठं बसवता हेही महत्त्वाचं. एसीच्या कंडेन्सरच्या पुढं, वारा लागेल असा, पण खालच्या बंपरच्या तोंडाशी नको. बागेत औषध फवारणीच्या वेळी गाडी आत नेता तुम्ही. ती पांढरी पावडर आणि रस्त्याची धूळ मिळून पंखांवर थर बसतो. कूलर महिन्याकाठी कमी दाबाच्या पाण्यानं धुता येईल अशा जागी पाहिजे.

उष्णतेचा हिशोब या धंद्यात सगळे मानतात: ऑइल नेहमीच्या तापमानापेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं पंधरा-वीसच्या वेगानं तासभर चालता, तेव्हा कन्व्हर्टर लॉकच होत नाही. सगळी ताकद ऑइल घुसळण्यात जाते आणि वारा तर लागत नाही. घाटात भरलेल्या गाडीचंही तेच. ऑइलचं तापमान दाखवणारं एखादं साधन ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लावा, १२० च्या वर वरचेवर जात असेल तर कूलर अपुरा आहे किंवा रीमॅप अति आहे. जाता जाता सांगतो, रीमॅप करणाऱ्याला कमी आरपीएमचा टॉर्क जरा उतरवायला सांगा. पंधराशे आरपीएमला सगळी ताकद द्यायची हौस कन्व्हर्टरच्या मुळावर येते, आणि तीन हजाराला गाडीची मजा तेवढीच राहते.

माउंटिंगबद्दल: गिअरबॉक्सचं मागचं फाउंडेशन बदला, ते सोडवावं लागतंच आणि त्याचं रबर बसलेलं असेल तर नव्या लॉकअपचा प्रत्येक धक्का केबिनमध्ये येईल. इंजिनची दोन फक्त बघा. रबर चिरलेलं किंवा ऑइलनं फुगलेलं असेल तरच. प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँजवर रंगाच्या खुणा करा, तोच बोल्ट त्याच भोकात गेला पाहिजे, नाहीतर शंभरच्या वेगाला थरथर येते आणि मग सगळे कन्व्हर्टरला दोष देतात. जॉइंट क्रॉस हातानं हलवून बघा. अडकत असेल किंवा खेळ असेल तर बदला, नाहीतर ग्रीस भरा आणि पुढं चला.

गिअरबॉक्सच्या ब्रीदरचा पाइप अगदी छोटा मुद्दा वाटेल, पण सांगलीत तो छोटा नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच नंतर बाजारात विकल्या गेल्या. तुम्ही गाडी नवी घेतली असेल तर हा परिच्छेद सोडा. सेकंडहँड असेल तर बेल हाउसिंगच्या आतल्या कोपऱ्यात, डोवेलच्या (सांधा जुळवणाऱ्या पिनेच्या) मागं बोट फिरवा. कृष्णाकाठचा तो बारीक चिकट गाळ वाळून तिथं बसलेला असेल तर गाडी बुडालेली आहे, मग आधीचे कागद काही सांगोत. अशा गाडीचा गिअरबॉक्स चुंबक कसाही दिसला तरी खोलून बघावा. आणि गाडी बुडालेली नसली तरी ब्रीदरचं नळकांडं मोकळं करून त्याचं तोंड वर, इंजिनच्या खोलीत घ्या. गरम गिअरबॉक्स ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते.

चढवताना एका जागी मालकानं उभं राहून बघावं असं मला वाटतं, आणि ती म्हणजे कन्व्हर्टर बसवणं. आधी त्यात साधारण लिटरभर ऑइल ओतायचं, म्हणजे पहिल्या स्टार्टला पंप कोरडा फिरत नाही. मग तो शाफ्टवर सरकवून हातानं फिरवत दाबायचा. खट् करून बसतो, पुन्हा फिरवायचा, पुन्हा खट्. शाफ्टच्या दात्यांमध्ये आणि शेवटी पंपाच्या खाचेत बसेपर्यंत हे चालतं. मग बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंत स्टीलच्या स्केलनं खोली मोजायची आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायची. शेवटचा खट् राहिला असेल तर खोली कमी भरते. तसाच गिअरबॉक्स लावून बेल हाउसिंगचे बोल्ट आवळत आवळत जवळ ओढला की पंपाचे दाते तुटतात, नवाकोरा कन्व्हर्टर घालूनसुद्धा. खूण सोपी आहे: गिअरबॉक्स इंजिनला हातानं दाबून टेकला पाहिजे, बोल्टनं ओढावा लागता कामा नये. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्स प्लेटच्या मध्ये थोडीशी फट राहिली पाहिजे. दोन्ही डोवेल पिना जागेवर आहेत ना, तेही तेव्हाच. एक डोवेल हरवली तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि पंपाचा बुश-सील लवकर जातं.

ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच. तुमच्या गिअरबॉक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस ग्रेड चालतं. कन्व्हर्टर बनवणाऱ्यानं वेगळं लेखी दिलं असेल तर ते. ‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ लाल ऑइल नको. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, लेव्हल ओव्हरफ्लो प्लगवरून बघतात: गाडी सपाट, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून झालेला, आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर साधारण चाळीसच्या आसपास. मॅन्युअलमधली मर्यादा पाळा. गाडी तापवून लेव्हल बघितली तर फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि थंड झाल्यावर ते कमी भरतं. त्यानंतर स्कॅनरनं जुनी शिकलेली मूल्यं पुसून नव्यानं शिकवायची. नाहीतर कॉम्प्युटर जुन्या घसरत्या कन्व्हर्टरच्या हिशोबानं दाब देत राहतो आणि गिअर धक्के मारतो.

पहिल्या दिवशी पेठ नाक्यापर्यंत सावकाश जाऊन या, मध्ये थोडं गावातून, थोडं मोकळ्या रस्त्यानं. परत आल्यावर गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करा. हजार किलोमीटरवर चेंबरचं ऑइल एकदा काढून नवं घाला, निम्माच गाळ निघतो म्हणून हे दुसऱ्यांदा. तोवर ट्रेलर नको, घाट नको.

आणि वेळेचं. फळछाटणीच्या धांदलीत हे काम काढू नका. सील, फ्लेक्स प्लेट, बोल्ट, होज, फिल्टर हे सगळं चॅसिस नंबर देऊन आधी मागवा. कंपनीचं सील सांगलीत मिळालं नाही तर पुण्याहून येतं, आणि एखादं तिथंही नसतं. सगळा माल टेबलावर मांडून, जुन्या भागांच्या चित्रांशी जुळवून झाल्याशिवाय मेकॅनिकला पहिला बोल्ट सोडू देऊ नका. गाडी लिफ्टवर अडकली की ‘कंपनीचं नाही, लोकल आहे, तेच घालूया का’ असा फोन येतो, आणि तेव्हा तुम्ही हो म्हणता.